आईच्या डोळ्यांत पाणी का येत नाही

कोल्हापूर,
९ फेब्रुवारी १९७९

प्रिय मौलाभाई,

सलाम. मेहमुदाभाभीलाही सांग. वारणानगरला अजून थंडी असेल. मी बरी आहे. आई हुपरी सोडून गेला महिनाभर माझ्याकडे राहते आहे. भट्टीजवळचं चांदीच्या पैंजणांचं काम मी बंद करायला लावलं.

तिचे डोळे आमच्या दवाखान्यात तपासले. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाणी किती येतं ते पाहतो. तिची पट्टी जवळजवळ कोरडी निघाली. या आजारात अश्रूंच्या ग्रंथी सुकत जातात, तोंड कोरडं पडतं, सांधे दुखतात. पाण्याच्या घोटाशिवाय तिला भाकरी गिळवत नाही, हे आपण किती वर्षं पाहतो आहोत. आजार आहे हे कळलं नव्हतं, इतकंच.

ग्रंथी पूर्ववत करणारा उपाय नाही. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, धुरापासून लांब राहणं. तेवढ्याने भागलं नाही तर पापणीच्या कोपऱ्यातली बारीक छिद्रं, जिथून पाणी नाकात उतरतं, ती चटका देऊन बंद करतात. मग आहे तेवढं पाणी डोळ्यात टिकतं. तिचं हे सोमवारी करायचं ठरलं आहे.

एवढं सविस्तर का लिहिते, हे तुला कळलं असेल. हुपरीच्या घरातून तुझ्या छोट्या इमामचा जनाजा उचलला तेव्हा तू सगळ्यांसमोर आईला म्हणालास, "नातू गेला, आन् हिच्या डोळ्यात टिपूस न्हाय. दगड हाय ही." त्यानंतर तू घरी आला नाहीस.

उजव्या डोळ्याचं लिहायचं टाळत होते. बुबुळावर जखम आहे.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तिखटाचा हात लागला व्हय?"

"लागला न्हाय, लावला," आई म्हणाली. "इमामच्या चाळिसाव्या दिवसाला पोरगा येणार हुता. त्याच्या म्होरं रडू यावं म्हणून."

पाणी आलं नाही. तूही आला नाहीस. चाळिसावा भाभीच्या माहेरी केलास.

जखम भरेल, पण त्या डोळ्याने ती माणूस ओळखेल असं मी लिहू शकत नाही. डावा वाचवायचा आहे. आणि ती सोमवारला तयार नाही. "मौला येऊन जाऊ दे, मग काय बुजवायचं ते बुजवा," म्हणते. डावा डोळा तोवर थांबणार नाही.

काल म्हणाली, "तो दारात आला की आधी ते थेंब घाल की गं. गालावर येऊ दे जरा."

मी बरं म्हणाले.

तेव्हा सोमवारच्या आत ये. गाल ओले दिसले तर ते बाटलीतलं औषध आहे, त्यावर जाऊ नकोस. थोडा वेळ बस. इमामचं नाव निघालं की तिची हनुवटी थरथरते, डोळे लाल होतात, आणि पाणी येत नाही. ते तिचं रडणं आहे. मी रोज पाहते. तूही एकदा पाहा.

अजून तुझीच बहीण,
नजीरा