गेरू-चुना आणि सातवं चित्र

३ नोव्हेंबर, रहिमतपूर
सात नं.चं चित्र निम्मं झालं. परसातल्या त्याच माजलेल्या कोपऱ्याचं. आघाडा, टाकळा, गोकर्णाचा वेल, सगळे एकमेकांच्या अंगावर. आधीची सहाही तिथलीच, पण हे त्या सगळ्यांचा बाप होणार. रविवारी सांगलीच्या गॅलरीच्या मॅडम येतायत. पसंत पडलं तर माझं पहिलं एकटीचं प्रदर्शन. बेचाळिसाव्या वर्षी का होईना.

७ नोव्हें.
दोन दिवस कोरेगावला बहिणीकडे. आल्यावर परसात गेले तर कोपरा साफ. पानसुद्धा नाही. आंबा, चिक्कू, नारळ, प्रत्येकाच्या बुंध्याला खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. कडेला तिरप्या विटा, एका ओळीत.
आबा: "पावणी बाग बघाय येनार म्हनलीस न्हवं? सायेब यायचा म्हनलं की पलटणीत असंच करत्यात."
वडील सुभेदार म्हणून रिटायर होऊन वीस वर्षं झाली, तरी!
"आबा, माझं चित्र त्या गवताचंच होतं."
"मग आदी सांगायचं."
खरंय. दोन वर्षं त्यांच्या बागेत बसून रंगवते, एकही चित्र दाखवलेलं नाही. तरी राग आलाच. जेवले नाही.

८ नोव्हें.
आठवून पुरं करायला गेले. हिरवा नुसता थापला जातोय. दुपारी कंटाळून बाहेर बघत बसले. गेरू काय चढलाय! सगळे पट्टे एका उंचीवर, नुसत्या नजरेनं मापलेले. सीताफळ बुटकं, त्याला फक्त चुना, चड्डी घातल्यासारखा. हसूच आलं.
आबांकडून उरलेला गेरू-चुना मागून घेतला, रंग धरावा म्हणून डिंक घातला, चित्रातल्या निम्म्या गवतावरच उभे पट्टे ओढले. बसलं. एकदम बसलं.
आबा मागे उभे. "ती रेघ वाकडी हाय."
"असू दे."
"उद्या सायेब यायचाय, आन् असू दे?"

९ नोव्हें., रवि.
मॅडमनी सहा चित्रं भराभर बघितली. सातव्यापुढे खुर्ची मागून बसल्या. "प्रदर्शन करू. पण अशीच सगळी हवीत. ती सहा नकोत. विचार करून कळवा."
हो म्हणाले नाही. सातवं चांगलं आहे, ते मला त्यांच्याआधी कळलं. पण ती सहाही चांगली आहेत, त्यात मी मागे हटणार नाही.
त्या गेल्यावर सातही चित्रं ओळीनं लावली आणि आबांना बोलावलं. हात मागे बांधून एकेकापुढे थांबत गेले. गोकर्णाच्या वेलापुढे बराच वेळ.
"ह्ये मी उपटलं?"
"हो."
"लय देखणं हुतं की गं."
मॅडमना अजून फोन केलेला नाही.