गरम भाकरीचा क्रम

आई, काल दादा जेवायला आला होता. साठीला टेकलाय, तरी जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटवर ताटाशी बसला की, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी, तक्रार तीच: तू तव्यावरची मला द्यायचीस, टोपल्यातली गार त्याला. बाहेर सगळ्यांना सांगतो, आपल्याला कडक भाकरीच आवडते. काल मात्र तांब्या उगाच सरकवत म्हणाला, "मी तिला कधी आवडलोच नाही बघ." तेव्हा मी त्याला माझी नोकरी समजावून सांगितली.

एका मोबाइल टॉवरवर शेकडो माणसं असतात आणि प्रत्येकाचा सिग्नल क्षणाक्षणाला वरखाली होतो. कुणाला किती वेग द्यायचा, ते गणित माझं. जोरातल्या सिग्नललाच देत राहिलं तर तळघरातला माणूस उपाशी राहतो. सगळ्यांना सारखी पाळी लावली तर ज्याचा सिग्नल पडलाय त्याची पाळी फुकट जाते. म्हणून प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्याच सरासरीशी ताडून बघायचं. जो आत्ता स्वतःच्या नेहमीपेक्षा बरा, त्याला आधी. हे समजायला मला दोन पदव्या लागल्या. तू ते पीठ थापता थापता करायचीस. दादा रोज तीन भाकरी खाणारा, मी अर्धीवर उठणारी. एखाद्या दिवशी मी नीट जेवायला लागते, तू मान वर न करता तव्यावरची माझ्या ताटात टाकतेस. "आज पोरीचं तोंड चालतंय, तू थांब जरा." दादा थांबतो. त्याची भाकरी गार होते.

दादाने तांब्या बाजूला सारला. "म्हणजे मी रोजच नीट खायचो, म्हणून मागं?" मी हो म्हणाले. "मग आईचं बरोबर होतं की," तो म्हणाला, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा त्याने गरम भाकरी मागून घेतली.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही, त्याच्या हाती लागेल. परवा ऑफिसात नव्या मुलीने विचारलं होतं, कुणी मुद्दाम आपली सरासरी पाडून ठेवली तर? इतकं खाली कोण उतरेल, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. रविवारी तू ताजी शेंगाचटणी कुटायचीस. तोवर आठवडाभर मी मुद्दाम अर्धीवर उठायचे, म्हणजे रविवारी तव्यावरची माझी. उरलेली अर्धी तुझी पाठ वळली की दादाच्या ताटात सारायचे. त्याच्या स्वतःच्या अडीचच असायच्या.