आयशाच्या शेजारची लेन

३ ऑगस्ट, रविवार

एका गुणाने! ट्रायलमध्ये मला पाचशे चव्वेचाळीस, आयशाला पाचशे त्रेचाळीस. क्लबच्या एअर पिस्तूल टीममध्ये तीनच बाया. निरगुडसरची श्रेया पहिली, हर्षाली दुसरी, आणि तिसरी जागा माझी. स्टेटच्या स्पर्धेला मी जाणार. माझी पोरगी घरी बसणार.

भगवंत सरांनी नावं वाचली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "साबेराताई, लई भारी!" मी आयशाकडे बघितलं. ती पिस्तूल पुसत होती. वारूळवाडीच्या क्लबापासून जुन्नरला घरापर्यंत स्कूटी तिनंच चालवली, मी मागे बसलेली. एक अक्षर बोलली नाही. मीपण नाही. काय बोलणार? सॉरी? मुबारक हो मला?

तीच तर मला तिथं घेऊन गेली होती. एकट्या पोरीला नको म्हणून मी सोबत जायची, खुर्चीत बसून गाद्यांच्या खोळी शिवायची. एक दिवस सर म्हणाले, "ताई, बसल्या बसल्या धरून तर बघा." धरलं. त्याला दोन वर्षं झाली. आता त्रेचाळीस वर्षांची बाई पोरीची जागा घेऊन बसलीय.

४ ऑगस्ट

सकाळी चहा देताना म्हणाली, "मुबारक, अम्मी." हसलीपण. पण डोळ्याला डोळा दिला नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

दुकानात आयशाच्या अब्बांना, हनीफना म्हटलं, मी नाव मागे घेते. ते गादीत कापूस भरत होते, वर न बघता म्हणाले, "उस्ताद से पूछ." सरांना विचारलं, तर सर चिडले. "ट्रायल म्हंजे ट्रायल. असं मागं घ्याया लागलं तर मंग ट्रायल कशाला घेतली?"

मग मी दुसरं काढलं. पंचवीस मीटरच्या स्पोर्ट्स पिस्तूलला आपल्या क्लबातली एकही बाई नाही. मी तिकडे गेले तर? तिथं जमलं की एअरमधून आपोआप बाहेर पडता येईल, कुणाला वाईटही वाटणार नाही. हे शेवटचं अर्थातच मनात.

मढला घरी जायची सरांची गाडी चुकत होती तरी थांबले. म्हणाले, "फौजेत मी दोन्ही मारायचो, म्हनून सांगतो. एअरचा ट्रिगर अर्ध्या किलोचा, त्याचा किलोचा. बोटाला एकच सवय लागती. काही जन दोन्ही मारत्यात, न्हाई म्हनत न्हाई. पन त्येंनी आधी एक धा वर्सं धरलेलं असतं. तुमी दोन वर्सांच्या. एकच धरा, ताई."

मी म्हटलं, रविवारी येते. म्हणाले, "या. पन आधीचं गेलं तर माझ्याकडं रडू नका."

१० ऑगस्ट, रविवार

सरांबरोबर एसटीने पुण्याला. त्यांच्या ओळखीची रेंज. बावीस बोअरचं पिस्तूल पहिल्यांदा हातात. जड नाही वाटलं. गाद्या शिवून मनगटं तयार आहेत माझी. पण ट्रिगर! दाबते, दाबते, काहीच होत नाही. मग मी घाबरून ओढला, आणि तो आवाज! कानावर हेडफोनसारखं झाकण होतं तरी छातीत धडकलं. हात वर उडाला. गोळी टार्गेटवर नाहीच. शेजारच्या पोरी हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

ओढणीला बंदुकीच्या दारूचा वास राहिला. आयशानं घरात शिरता शिरता ओळखलं. "कसं झालं?" एवढंच. पण विचारलं तरी!

१३ ऑगस्ट

व्हायचं तेच झालं. आज एअर पिस्तूल धरलं — बोट नुसतं टेकलं आणि छर्रा सुटला. पाच! मी अजून श्वाससुद्धा सोडला नव्हता. पुढचा सहा. मग मी इतकी घाबरले की बोट ट्रिगरला लावायचीच हिंमत होईना. सव्वा तासात साठ मारायचे असतात, माझे चाळीसच झाले. सर मागून बघत होते.

स्टेट महिन्यावर आलं. इकडचं गेलं, तिकडचं आलं नाही. पोरीची जागा घेऊन ती वाया घालवणार का मी?

१७ ऑगस्ट, रविवार

आज काहीतरी झालं, आणि लिहायलाही भीती वाटते.

सरांनी दुसरा प्रकार शिकवला. हात खाली धरून उभं राहायचं. टार्गेट तीन सेकंद दिसतं. तेवढ्यात हात उचलून एकच गोळी. मग सात सेकंद बंद. पुन्हा तीन सेकंद. असे पाच. मला वाटलं, मी इथं मरणार. मला भाजीत मीठ पडलं का यावरसुद्धा अर्धा तास विचार करावा लागतो.

हिरवा दिवा लागला. हात वर. गोळी. खाली. पुन्हा. काळजी करायला जागाच नाही! एअरला सव्वा तास असतो, एकेका छर्र्यामागे माझ्या डोक्यात आयशा, दुकान, लोक काय म्हणतील, बुरखेवाली नेमबाज — सगळी वरात जाते. इथं तीन सेकंदांत कोण येणार? पाच गोळ्या — दहा, नऊ, दहा, नऊ, आठ. सर म्हणाले, "आरं तिच्या!" मग जीभ चावली.

एसटीत मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. चाकण गेल्यावर आठवलं, हे मी आयशासाठी करतेय. मग हसू कशाचं येतंय मला?

१९ ऑगस्ट

एअर — पाचशे एकोणीस. बोट माझं राहिलेलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सरांना सांगितलं, एअरमधून नाव काढा, आयशाचं घाला. मनगट दुखतंय म्हणून कळवा. त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खोटं मी लिहिनार न्हाई. आनि पोरीला काय सांगू?" मी हात जोडले. "काही सांगू नका." ते म्हणाले, "तुमच्या मायलेकींच्या मधी मला नका घेऊ, राव." पण नाव बदलतो म्हणाले. आता एअरचं माझं काही खरं नाही, हे त्यांनाही दिसत होतं.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट एकच मनात. आयशाला कळलं तर?

२३ ऑगस्ट, शनिवार

कळलं. श्रेयाला मी मनगटाचंच सांगितलं होतं; ती सहज बोलून गेली, "काकूंचं मनगट बरं आहे का गं?" आयशानं सगळ्यांसमोर विचारलं, "कुठलं मनगट?"

इतकं चिडलेलं मी तिला कधी बघितलं नाही. तोंड लाल. "तू मला न विचारता सोडलंस?"

"तुझीच जागा होती ती, बेटा."

"कुणी सांगितलं? तू जिंकली होतीस! एवढ्या सगळ्यांसमोर जिंकली होतीस! मला नको तुझं परत केलेलं."

"अगं, माझं बोट बिघडलंय आता —"

"मग नीट कर!"

ती सरांकडे गेली. पुन्हा ट्रायल घ्या म्हणाली, आम्हा दोघींचीच. जी जास्त मारेल ती जाईल. सरांनी डोक्याला हात लावला. मंगळवारी.

रात्री जेवताना हनीफ म्हणाले, "घरात दोन-दोन नेमबाज, आणि मीठ मागायलासुद्धा मलाच सांगतात."

२५ ऑगस्ट

उद्या मुद्दाम हरावं का? कितीदा तेच येतंय मनात. एक-दोन आठ, एखादा सात — कोण धरणार? पण तिनं धरलं तर जन्मभर बोलणार नाही. नाही. खरंच मारायचं. जे होईल ते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मी दोन नंबरच्या लेनला, ती तीनच्या. हॉलमध्ये फक्त सर.

अगदी मनापासून मारलं. अल्ला साक्षी आहे. एकही सोडला नाही. पण बोट ऐकेना. मध्येच सात गेला, मग पुन्हा सात, डोळे भरून आले, टार्गेट दिसेना. पिस्तूल खाली ठेवून पाणी प्यायले, पुन्हा उचललं. शेजारी आयशा एका लयीत मारत होती, वळून बघत नव्हती. मध्ये तिचेही आठ गेले दोन-तीन. मला वाटलं, माझ्यामुळे तिचंही बिघडतंय.

मी पाचशे एकतीस. ती पाचशे चौतीस.

"झालं," सर म्हणाले. "आयशा एअरला, ताई पंचवीस मीटरला. आता ह्यापुढं कुनी माझ्याकडं आलं तर मी मढला जाऊन भात लावनार."

मला वाटलं, आयशा खूश होईल. ती माझ्या स्क्रीनकडे बघत उभी राहिली, मग म्हणाली, "अम्मी, तू खरंच मारत होतीस?" मी म्हटलं, हो. ती बाहेर निघून गेली.

२८ ऑगस्ट

माझ्यावर विश्वास नाही तिचा. मी सोडलं असंच तिला वाटतंय. कसं पटवू?

७ सप्टेंबर, रविवार

तीन सेकंदांचं चांगलं होतंय. पाच मिनिटांत पाच गोळ्या सावकाश मारायचा भाग असतो, त्यात अजून सगळी वरात येते. एअरला हात लावायचा नाही असं सरांनी बजावलंय. कपाटातली पेटी दिसली की आतून काहीतरी तुटतं. दोन वर्षं तेच तर होतं माझं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

स्टेट. आज आयशाची एअरची मॅच. मला मागे उभं राहवेना, अर्धा वेळ बाहेर कडुनिंबाखाली होते. श्रेया धावत आली, "काकू, या, या!"

पाचशे एकसष्ट!

श्रेयापेक्षा जास्त. क्लबात आजवर कुणी मारले नाहीत एवढे. तिच्या स्वतःच्या पहिल्या ट्रायलपेक्षा अठरा जास्त. सर डोळे पुसत होते आणि घाम आला म्हणत होते. मी तिला मिठी मारली, तर पोरगी दगडासारखी शांत. जसं काही तिला आधीपासून माहीत होतं.

कुठून आले एवढे?

१३ सप्टेंबर, शनिवार

लॉजखालच्या हॉटेलात पोह्यांच्या दोन बश्या समोर ठेवून विचारलं. "सव्वीस तारखेला तू मुद्दाम कमी मारलेस?"

"हो. तुला जाता यावं म्हणून." मग एकदम भडकली. "पण मी आठ मारले की तू सात मारायचीस! किती खाली जायचं माणसानं!"

मला हसू फुटलं. मग हसता हसता थांबले. "आणि तीन तारखेला, पहिल्या ट्रायलला?"

ती पोह्यातले शेंगदाणे वेगळे करत बसली. मग म्हणाली, "मला अजून वीस वर्षं आहेत, अम्मी. तुला एकदा तरी जायला मिळावं, एवढंच."

म्हणजे ती जागा मी कधी घेतलीच नव्हती.

उद्या पंचवीस मीटरला माझ्या शेजारी आयशा नाही. उद्या जे येईल ते माझं.