काचेतलं पाणी

अमळनेर
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय भटू यास,

लोटनचा रामराम. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. पुष्पाबाईचे गुडघे बोलायला लागलेत, पण तिच्याइतके नाही. माझं म्हणशील तर दात सोडून बाकी सगळं जागेवर आहे. थंडी संपली, दुपारी पंखा लावावा लागतो. तुमच्या पिंपळनेरला अजून गारठा असेल. सुनिताबाईंना नमस्कार सांग.

अठ्ठावीस वर्षांनी याला माझी आठवण कशी झाली, असं म्हणून पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग फाड. फोन नंबर मिळाला होता मला तुझा. दोनदा लावला, दोन्ही वेळेस तू "हॅलो" म्हणालास आणि मी ठेवून दिला. तेव्हा लिहायलाच बसलो.

दिवाळीनंतर धुळ्याला गेलो होतो, धाकट्या मुलीकडे, मयुरीकडे. परत येताना स्टँडवर जगदीश भेटला, आपल्या तेलाच्या मिलच्या वजनकाट्यावरचा. आता पार वाळून गेलाय बिचारा. त्याच्याकडूनच कळलं की तू तिकडे पिठाच्या गिरणीवर बसतोस. बॉयलर चालवणारा माणूस गव्हाचं पीठ पाडतो, हे ऐकून मला कसंसंच झालं. त्याने आणखीही एक गोष्ट सांगितली. ती पुढे लिहितो.

घरी आलो आणि माळ्यावरची पेटी खाली काढली.

आठवते ना पेटी? तुझी बोट अजून तशीच आहे. सागवानाचा तो सांगाडा, हातभर लांब, तू पटाशीने कोरलेला. दोन्ही बाजूंची चाकं, आठ-आठ पात्यांची, तेलाच्या डब्याच्या पत्र्याची. एका चाकाला जरा गंज धरला होता, तो घासून काढला. वाफेचं इंजिन माझ्याकडे होतं, म्हणजे अर्धवट पितळ. सिलिंडरचा तुकडा, एक बाजू कातलेली, दुसरी तशीच. बोरी नदीच्या बंधाऱ्यात बोट सोडायची आणि मिलच्या सगळ्या लोकांना काठावर उभं करायचं, असा आपला बेत होता. दोन पोरांचे बाप होतो आपण तेव्हा, पण अक्कल कुठे होती!

म्हटलं, पुरी करू. पुरी करून पिंपळनेरला आणून तुझ्यापुढे ठेवू, म्हणजे तोंडाने काही बोलायला नको. खरं सांगतो, माझा हाच डाव होता.

तीन महिने लागले. स्टेशन रोडला एकाचं वर्कशॉप आहे, तो मला संध्याकाळी लेथ देतो. सिलिंडर कातला, पिस्टन बसवला. हात थरथरतो आता, दोन पिस्टन भंगारात गेले. बॉयलरला आमच्या जुन्या बंबाचं तांबं कापलं. त्याला साधं कथील लावून भागत नाही, तापलं की सुटतं. चांदीचा डागच पाहिजे. तो मला जमेना, म्हणून जळगावला एका सोनाराकडे घेऊन गेलो. तो हसायलाच लागला. म्हणे, "काका, मी मंगळसूत्राला डाग देतो, बंबाला नाही." पण दिला बरं का! टाकणखार लावून, फुंकून, असा सुरेख डाग दिला की मी बघतच राहिलो.

पुष्पाबाईची टकळी चालूच. "या वयमा खेळनं लागस का तुमले? बठ्ठं गाव हासस!" मी म्हटलं, हसू दे सगळ्या गावाला.

बॉयलर अगोदर गार पाण्याने दाबून तपासला, नियमाप्रमाणे. गळती नाही. आत पाणी किती ते दाखवणारी काचही बसवली, पेनाच्या कांडीएवढी. आपल्या मोठ्या बॉयलरला होती तशीच, वर एक भोक वाफेचं, खाली एक भोक पाण्याचं. खाली स्पिरिटचा दिवा. बोट न्हाणीतल्या टाकीत ठेवली आणि दिवा पेटवला. भटू, इंजिन चाललं रे! पहिल्याच वाफेला चाललं. तुझी चाकं अशी फडफडली की अर्ध्या न्हाणीभर पाणी उडालं. टाकी चार हातांची, बोट इकडून तिकडे जाऊन भिंतीवर आपटायची, मी तिला वळवायचो. पुष्पाबाई दारात उभी राहून बघत होती, हसली नाही.

मग इंजिन थांबलं. मी काच पाहिली. काच भरलेली, अगदी वरपर्यंत. म्हटलं, पाणी भरपूर आहे, मग दिवा विझला असेल. दिवा चालू होता. बोट उचलली. हलकी लागली. बॉयलरमध्ये पाण्याचा थेंब नव्हता.

काचेचं खालचं भोक डाग देताना वितळलेल्या टाकणखाराने बुजलं होतं. ते साफ करायचं माझ्याकडून राहिलं होतं. वरून वाफ काचेत यायची, थंड होऊन तिचं पाणी व्हायचं, आणि ते काचेतच साचत जायचं. बॉयलर रिकामा होत होता आणि काच भरत होती. मी न्हाणीच्या पायरीवर बसलो तो बसलोच. पुष्पाबाईने चहा आणला, तो निवून गेला.

तुला आता कळलं असेल मी कुठे चाललोय ते. तू माझ्यापेक्षा चांगला बॉयलरवाला होतास.

सत्त्याण्णवच्या जानेवारीतला तो दिवस. सरकीचा हंगाम, बॉयलर चोवीस तास. पाण्याच्या दोन काचांपैकी एक दोन महिन्यांपासून बंद करून ठेवलेली, आणि चालू काचेला दुपारी तडा गेला. तू मला बोलावलंस. मी वरखालचे दोन्ही कॉक बंद केले, नवी काच बसवली, वाफेचा वरचा कॉक उघडून काच तापू दिली. ती तापेपर्यंत दोन मिनिटं थांबायचं आणि मग खालचा, पाण्याचा कॉक उघडायचा. साडेबारा वाजले होते. अर्धा तास लेथ मोकळा मिळायचा, तेवढ्यात मला सिलिंडरची दुसरी बाजू कातायची होती. बोटीच्या सिलिंडरची. मी ती दोन मिनिटं थांबलो नाही. तू विचारलंस, "लोटनभाऊ, काच फुंकून पाणी नीट चढतं का बघू का एकदा?" मी म्हटलं, "मी बघितलंय. तू भाकर खा."

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहू दे. काच हळूहळू भरत गेली. तू पाहिलंस, पाणी फार वर गेलं, म्हणून पाण्याचा पंप बंद केलास. कोणीही केला असता. दोनच्या सुमाराला आतलं पाणी आटून भट्टीवरचं शिशाचं बूच वितळलं आणि सगळी वाफ भट्टीच्या तोंडातून बाहेर आली. आपला मजूर मंगा तिथे राख ओढत होता. तू त्याला खांद्यावर टाकून बाहेर पळालास, तुझेही हात भाजले. आणि मी शिडीवर चढलो. सगळ्यांना वाटलं, वाफेचा मोठा वॉल्व्ह बंद करायला चढलाय. तो केलाही. पण त्याआधी मी काच पाहिली. काच भरलेली होती, भटू. खालचा कॉक आडवा होता, बंद. मी तो उघडला. माझ्या डोळ्यांदेखत काच रिकामी झाली.

हे मी केलं. घाईत नाही, घाबरून नाही. मला पूर्ण समजत होतं मी काय करतोय ते.

दुसऱ्या दिवशी बॉयलर तपासणीचे सरकारी साहेब आले. काच रिकामी, कॉक उघडा, म्हणजे चूक पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्याची. तू आपला डोळ्यांनी पाहिल्याचं एकच सांगत होतास, "पानी वर व्हतं साहेब, मी सोता दखेल शे." मला विचारलं, कॉक उघडला होता का? मी म्हटलं, हो. मग त्यांनी तुला विचारलं, फिटर विसरला असेल असं तुला वाटतं का? ते वाक्य तुझ्या सुटकेसाठीच होतं, आणि तू म्हणालास, "लोटनभाऊ तसा माणूस नही साहेब." मी तिथेच उभा होतो. तुझा परवाना गेला, नोकरी गेली. नवव्या दिवशी दवाखान्यात मंगाचा जीव गेला.

आणखी एक आहे. ते तुला सुनिताबाईंनी सांगितलंय की नाही, ठाऊक नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं होतं. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तरी खरं सांगा, हे झोपले होते का?" मी म्हटलं, "दमलेला होता तो." बस. तेवढंच बोललो. त्या काय समजून घरी गेल्या असतील, ते मला तेव्हाच कळलं होतं. सुनिताबाई, हे पत्र तुम्हीही वाचा. तो झोपला नव्हता.

आता जगदीशने सांगितलेली गोष्ट. तो म्हणाला, भटू दर वर्षी अक्षय तृतीयेला सातपुड्याच्या पायथ्याला जातो, मंगाच्या बायकोकडे, बिजलीबाईकडे. लुगडं नेतो आणि तिच्या ओट्यावर दिवसभर बसून येतो. जगदीशने तुला विचारलं, तू तर म्हणायचास काच भरलेली होती, मग तू कशाला जातोस? तर तू म्हणालास, "डोळा लागला असेल माझा. स्वप्नात पाहिली असेल काच." जगदीश हे सहज सांगून मोकळा झाला आणि त्याच्या गाडीत बसला. मी स्टँडवर तसाच उभा. माझी अमळनेरची गाडी निघून गेली.

परवाना गेला, नोकरी गेली, ते मला माहीत होतं. पण तुझ्या डोळ्यांवरचा तुझा विश्वासही मी घेतला, हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ नव्हतं. तू मनात मला शिव्या देत असशील, असं मी धरून चाललो होतो. त्याचा मला आधार होता, हसू नकोस.

आणि मीही काय केलं इतकी वर्षं? मनाशी घोकत राहिलो की दीड तासात काच एवढी भरणारच नाही. भटूचा खरंच डोळा लागला असेल. अर्धी चूक त्याची, अर्धी माझी. या वाटणीवर मी झोपत आलो. त्या दिवशी न्हाणीत ती वाटणी संपली. तरी खात्री करायची म्हणून खालच्या भोकाला बारकासा कॉक बसवला, हाताने बंद केला आणि समोर घड्याळ ठेवून बसलो. तेरा मिनिटांत काच भरली. नंतर पुन्हा केलं, पुन्हा तेवढीच. मग मोठी काच दीड तासात सहज भरली असती. तिसऱ्यांदा पुष्पाबाईने दिवा विझवला आणि म्हणाली, "आते सांगी टाका, ज्याले सांगनं शे त्याले." तिला मी काही बोललो नव्हतो. तिने कधी ओळखलं कोण जाणे.

बोट मी पाठवणार नाही. तिच्यापायी हे सगळं झालं, ती तुझ्या घरात कशाला? मी माफीही मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मी पुन्हा सुटेन. बिजलीबाईकडे मी स्वतः जाणार आहे, येत्या गुरुवारी. तिला पत्र वाचता येत नाही, तोंडानेच सांगावं लागेल. ती काय करेल ते करेल. बॉयलरच्या ऑफिसलाही हाच मजकूर रजिस्टरने पाठवतोय. तिथले साहेब आता कोणी उरले नसतील, तरी पाठवतोय. तुला कोणाला दाखवायचं असेल तर खाली वेगळं लिहून देतो, तेवढा कागद फाडून घे. पोरांना दाखव. तुझ्या गावात दाखव. आधी तू स्वतः वाच.

जबाब

मी, लोटन झुलाल मिस्तरी, वय एकाहत्तर, राहणार अमळनेर, पूर्वी तेलाच्या मिलमध्ये फिटर, शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो की, जानेवारी १९९७ मध्ये बॉयलरची काच मी बदलली. पाण्याचा कॉक मी बंद ठेवला. अपघातानंतर तो मी उघडला आणि साहेबांपुढे खोटं बोललो. बॉयलरवरचा माणूस भटू प्रेमराज बडगुजर याने काचेत पाणी वर आहे असं पाहिलं, ते त्याने खरं पाहिलं. तो पूर्ण वेळ जागा होता.

सही
लोटन झुलाल मिस्तरी