खळ्यावर सांगायचं असतं

डोंबिवली, १ एप्रिल २०२५

चि. नयन यास,

आशीर्वाद आहेत, ते शेवटी घे. आधी हे सांग, पाडव्याला कंपनीत राबणाऱ्या आम्ही सगळ्या बायका नव्या साड्या नेसून हॉलमध्ये बसलेलो त्या कुणासाठी? सोल्डरिंगची टेबलं भिंतीला लावली, सतरंजी घातली, वडे तळले. आणि वर्षाचं सांगायला तू यायच्या वेळेला सगळ्यांच्या मोबाइलवर टिणटिण! कंपनीचं वर्ष कसं गेलं, पुढे काय, सगळं इंग्रजीत, वर-खाली पळणाऱ्या रेघा काढून. हेमांगीने वाचलं. म्हणाली, आव्हानात्मक वर्ष होतं असं लिहिलंय. म्हटलं, म्हणजे वाईट. मग वाईट लिहायला हात मोडतो का तुझा?

फोन केला की तू मीटिंगमध्ये. म्हणून करिश्माच्या हाती हे देतेय. स्वतःच्या लेकीला तरी केबिनमध्ये घेशील. चौथी शिकलेल्या बहिणीचं अक्षर आहे, लागेल तसं लाव.

तुला आईच्या घराची ओटी आठवते का रे? आपण दोघं सोल्डरिंग करायचो, राळेच्या धुराने डोळे चुरचुरायचे आणि आई सुपाने वारा घालत बडबडायची, पोरीला शेणी थापायला शिकवलं आणि ही तारा डागतेय. पहिल्या पाडव्याला तू उभा राहून सांगितलंस, यंदा एकच डबा खपला, तोही परत आला. टाकी भरली की पंप बंद करायचा तो डबा, आणि आपल्याच अंगणात पाण्याचे लोट, कोंबड्या पत्र्यावर! किती हसलेलो. तेव्हाही वर्ष वाईटच होतं. पण तू समोर होतास.

तब्येतीला जप. भाताशिवाय राहतोस म्हणे, कसला हा नवा शौक.

तुझी,
बायजा

माजिवडा, ठाणे, ५ एप्रिल २०२५

ती. बाय हिस,

सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या, बऱ्या वाटल्या. इथे मला कोणी शिव्या देत नाही, सगळे सर म्हणतात.

बाय, तुला खरं लिहितो. शीळफाट्याचे टॉवर अर्धे होऊन थांबले, बिल्डरने आमची ऑर्डर रद्द केली. सुटे भाग महागले. पुण्याची एक कंपनी आपली 'गुणाजी कंट्रोल्स' विकत घेतेय. त्यांना फोनवरून पंप चालवायचं आपलं सॉफ्टवेअर हवंय. करिश्माच्या हाताखाली ते लिहिणारी मुलं-मुली कामावर राहतील. हॉल बंद होईल. बाबांनी ती जागा तुझ्या नावावर केली, म्हणून रिकामी करायच्या कागदावर तुझी सही लागेल.

पाडव्याला मी निघालो होतो. कल्याण फाट्यावरून गाडी वळवली. शेत बुडालं तेव्हा बाबांना निदान समुद्राकडे बोट दाखवता येत होतं. मी कुणाकडे दाखवू? हेमांगी, माया, आवडाबाई, यांनीच मला जेवू घातलंय. तू त्यांना सांग ना. तुझं ऐकतात. मोठी आहेस, सांभाळून घेशील.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझा,
नयन

डोंबिवली, ८ एप्रिल २०२५

चि. नयन यास, आशीर्वाद.

पत्र वाचून रात्रभर तुला शिव्या घातल्या आणि सकाळी रडले. आता दोन्ही संपलं. नीट ऐक.

कंपनी वीक. तू उभी केलीस, तुला झेपत नाही तर वीक. माझी सही धरून ठेवायला मी काही सावकार नाही. पण तू लिहितोस ते समुद्राचं, ते तुला अर्धंच आठवतंय. तू लहान होतास. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं त्या साली दाणा नव्हता. तरी बाबांनी खळं सारवून घेतलं. दरसाल मळणी झाली की तिथेच सांगायचे ना, किती पिकलं, कुणाला काय. त्या साली रिकाम्या खळ्यावर उभे राहिले, सगळ्या राबणाऱ्यांना बोलावलं आणि म्हणाले, यंदा काही नाही. समुद्राचं नावसुद्धा काढलं नाही रे त्यांनी. आईने सुकटीचं कालवण वाढलं, सगळे जेवले आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक बांध घालायला आले. तू बाबांच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटत होतास, कारण गर्दी जमलेली.

आपला पाडवा म्हणजे तेच खळं. तू शिकलास, तुला वाटलं मीच काढली ही पद्धत.

मी सांगणार नाही. मोठी आहे म्हणून काय तुझं वाईटपण मी वाटायचं? आणि त्या रडतील याची तुला भीती. रडू दे. माया तर चप्पल काढेल, तीही खा. पण त्यांना पुढच्या महिन्याचं घर चालवायचंय, दुसरीकडे काम बघायचंय. त्या रेघांवरून त्यांना वाटतंय, पुढच्या वर्षी पगार वाढेल.

शनिवारी हनुमान जयंती. हॉलमध्ये सगळ्यांना जेवायला बोलावलंय. कागद घेऊन ये, त्यांच्यासमोर बोल, मग मी त्यांच्यासमोर सही करते. आणि बोलून झालं की त्यांच्याच पंगतीत जेवायला बसायचं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत येतोस की नाही ते कळव. करिश्माच्या हाती नको, मोबाइलवर नको, तुझ्या तोंडाने. नाही कळवलंस तर शनिवारी मीच उभी राहीन. मला आव्हानात्मक वगैरे बोलता येत नाही. मी एवढंच सांगेन, बायांनो, माझा भाऊ तुम्हाला घाबरला.

तुझीच,
बायजा