दोन नावांची मावशी

आई, माझ्या वर्तुळात ठिपका द्यायचा की नाही? याचं उत्तर मला येत नाही. बी.एस्सी.च्या पुस्तकातही ते नाही.

आधी तुला त्या तक्त्याबद्दल सांगते. कॉलेजात आम्हाला घराण्याचे तक्ते काढायला शिकवलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. ज्याला रोग झाला तो चौकोन काळा करायचा. जिला स्वतःला काही होत नाही, पण जिच्याकडून रोग मुलाला जातो, तिच्या वर्तुळात ठिपका. रक्त न थांबण्याचा रोग असाच आईकडून मुलाला जातो. सरांनी फळ्यावर एक चौकोन खडूने भरला. मला माझा धाकटा भाऊ, आपला बाळ दिसला. ओट्यावरून पडून त्याची जीभ चावली गेली होती, आणि चौथ्या दिवशीही तू त्याच्या तोंडाला फडकं लावून बसली आहेस. ओट्यावर त्याला मीच चढवलं होतं. तू एवढंच म्हणालीस, "त्याला खाली ठिव म्हनलं हुतं ना?" बाळ गेला, आणि दोन वर्षांनी तूही गेलीस. ते वाक्य मात्र माझ्याजवळ राहिलं.

पहिला तक्ता मी आपल्या स्वयंपाकघरात बसून काढला, चार आण्याच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवत. त्यात आपल्या घराचा काळा चौकोन एकच होता, बाळाचा. हा रोग कधी कधी एखाद्या घरात नव्यानेच उपजतो, असं पुस्तकात होतं. त्या एका ओळीला मी घट्ट धरून होते. तुझी थोरली बहीण लग्नानंतर लवकर गेली, एवढंच मला ठाऊक. तिचं वर्तुळ रिकामं ठेवलं. देवळाली प्रवऱ्याच्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं, की त्यांच्या गल्लीत एका बाईचे दोन मुलगे असेच रक्त जाऊन गेले. रोग तोच, पण घर परकं, म्हणून मी ते त्या बाईच्या नावासकट कडेला वेगळं मांडलं.

दिवाळीच्या सुट्टीत तो कागद घेऊन सोनईला तुझ्या मावशीकडे गेले. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "वंशावळीत बाया कोन लिवतं गं? तलाठ्याला दाखीव, हसंल तो." मग मी वाचत गेले आणि देवळालीच्या बाईचं नाव येताच तिचे हात थांबले.

"ही कडंला कशापायी काढलीस?"

"ती आपली नाही, आजी."

"आपली न्हाई? बीयेशी झालीस आन् सख्खी मावशी वळखंना व्हय! तुझ्या आईची थोरली भन ती. माहेरचं येक नाव, सासरी तांदळात लिवलं ते दुसरं. तू येकीच्या दोन केल्यास, बये."

मी तिथेच दुसरा कागद घेतला आणि दोन वर्तुळांचं एक केलं. दोन काळे चौकोन बाळाच्या ओळीत आले. तुझ्या आईच्या वर्तुळात ठिपका पडला, मावशीच्या पडला, तुझ्याही पडला. तेव्हा मला आठवलं: बाळ रांगायला लागला त्याच आठवड्यात तू जुन्या लुगड्याच्या घड्या करून त्याच्या गुडघ्यांना बांधल्या होत्यास. शेजारणी हसल्या होत्या. तू बहिणीच्या घरी पाहिलं होतंस. तुला माहीत होतं, आणि ते तू एकटीने सोसलंस.

त्या कागदाने बाळाच्या मरणाच्या दोषातून मला सोडवलं आणि त्याच क्षणी अडकवलं. तुझ्या लेकीत ते आलं असेल किंवा नसेल, दोन्ही सारखंच शक्य. कळायला आज तरी खात्रीची तपासणी नाही. मुलगा झाला, पडला, तरच कळायचं. मी रोज आरशात बघते, जणू चेहऱ्यावर काही दिसेल.

वैशाखात माझं लग्न ठरलं आहे. मुलगा हायस्कूलवर शिक्षक आहे. बघायला आले तेव्हा सगळे स्वयंपाक येतो का विचारत होते, शिक्षकांनी मात्र विचारलं, "पुढं शिकणार का?" त्यांच्याकडेही तांदळात माझं नवं नाव लिहितील. मग माझ्या मुलाला काही झालं, तर तो कुणाच्या ओळीतला हे कोण ओळखणार?

मी आबांना तक्ता दाखवला. त्यांना चौकोन-वर्तुळं कळली नाहीत, पण मावशीचं नाव कळलं. त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "तुझी आई गेली, पोरगं गेलं. आता जमल्यालं लगीन बी घालवतीस? चुलीत घाल त्यो कागद. तुझ्या बापादेखत."

मी घातला. तो पहिला होता आई, ज्यात मावशी दोन होत्या आणि मी सुटले होते. दुसऱ्यात माझ्या वर्तुळात प्रश्नचिन्ह काढलं, खाली सगळं उलगडून लिहिलं, आणि त्या शिक्षकांच्या पत्त्यावर मी तो आदल्याच दिवशी पोस्टात टाकला होता. आबांना अजून सांगितलेलं नाही.