सी लायनचा वास

रविवार, संध्याकाळी सात

स्वाती, माझी धाकटी जाऊ, अमेरिका फिरून आली. आज सेवउसळ खाता खाता मोबाइल डोळ्यांपुढे धरून म्हणाली, "वहिनी, हे बघा सील!" समुद्रातल्या खडकांवर पन्नासेक धुडं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. मी लगेच सुधारलं. सील नव्हे, सी लायन. कान बाहेर दिसतात. बावीस वर्षं वर्गात फळ्यावर हेच कान काढतेय मी.

"कान जवा दो, राहू द्या ते, वहिनी! त्यांच्या अंगाला वास कसला मारतो, माहितीये? कुजक्या मासळीचा. स्वेटर दोनदा धुतला तरी जाईना."

वास. माझ्या टिपणांत त्यांचे दात आहेत, पोहण्याची तऱ्हा आहे, वास नाही. सील कुठला न् सी लायन कुठला हे जिला कळत नाही, तिलाच हे ठाऊक असावं? आणि मनात काय आलं, तर तो स्वेटर मागून घ्यावा!

उद्या पहिल्या तासाला सी लायनच आहे. वासाचं सांगणार, स्वेटरासकट. "मॅडम, तुम्ही पाहिलेत?" असं कुणी विचारलंच, तर हो म्हणेन.